सेवाव्रती कै. रमाबाई रानडे

ज्या थोर व्यक्तींच्या नावाने आपली ज्ञाती ओळखली जाते, त्यांपैकी एकाचे चरित्र संघाच्या वार्षिक स्मरणिकेतून सभासद कुटुंबांपुढे ठेवावे, हा प्रघात अनुसरून यंदा आम्ही कै. श्रीमती रमाबाई रानडे यांचे पुण्यस्मरण करीत आहोत. हे नाव कोणास अपरिचित आहे असे नाही. त्यांनी लिहिलेले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे. अलीकडे, २०१२ साली, दूरचित्रवाणीवरील ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे आपल्या नातवंडांनाही त्या ठाऊक झाल्या. परंतु या परिचयातच एक उणीव राहून गेली आहे. रमाबाईंचे पुस्तक न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या देहावसानापाशी, म्हणजे १९०१ सालापाशी, संपते. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षे जगल्या आणि जे कार्य सर्वस्वी त्यांचे म्हणता येईल ते याच तेवीस वर्षांत झाले. पण त्याविषयी त्यांनी स्वतः असे पुस्तक लिहिले नाही. त्यामुळे न्यायमूर्तींची आज्ञाधारक पत्नी आपणां सर्वांस ठाऊक आहे, आणि शेकडो स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभी करणारी प्रौढ, वृद्धत्वाकडे झुकलेली विधवा रमाबाई मात्र बहुतेकांस अनोळखी आहे. या लेखात आम्ही पूर्वायुष्य थोडक्यात सांगून या दुसऱ्या रमाबाईंकडे वळणार आहोत.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात मोडते. त्यांचे माहेरचे आडनाव कुर्लेकर. मुलीच्या हाती पाटी दिली तर तिला वैधव्य येते, ही समजूत त्या काळी घरोघर दृढ होती आणि कुर्लेकरांचे घरही त्यास अपवाद नव्हते. १८७३ सालच्या डिसेंबरात, अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह माधवराव रानडे यांच्याशी झाला. माधवरावांचे वय त्या वेळी एकतीस होते. त्यांची प्रथम पत्नी सखूबाई यांचे निधन होऊन दोनतीन महिनेच लोटले होते. विधवाविवाहाच्या चळवळीतील अग्रणी पुरुष म्हणून माधवरावांचे नाव गाजत होते. तेव्हा त्यांनी एखाद्या विधवेशीच विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. वडील गोविंदराव यांच्या आग्रहापुढे माधवरावांनी मान तुकविली आणि त्याबद्दल स्वपक्षीयांचा बोल जन्मभर सोसला. एका थोर पुरुषाच्या वचन आणि वर्तन यांतील अंतर म्हणजेच आपला विवाह, ही जाणीव पुढे रमाबाईंस झाली नसेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्यांनी त्याची कटुता कधी बाळगली नाही.

विवाहानंतर लगेच माधवरावांनी पत्नीस अक्षरओळख करून देण्यास आरंभ केला. प्रथम बाळबोध, मग मोडी, मग इंग्रजी असा हा अभ्यास वर्षानुवर्षे चालला. १८८६ साली फायनान्स कमिटीच्या कामासाठी माधवराव कलकत्त्यास गेले असता त्यांनी न्हाव्याच्या मदतीने बंगाली वाचनाचा सराव केला आणि ती भाषाही पत्नीस शिकविली, ही हकीकत सुप्रसिद्ध आहे. मात्र हे शिक्षण सुखाने झाले असे कोणी समजू नये. घर मोठे होते. सासूबाई, चुलतसासू, विधवा नणंद दुर्गाताई आणि इतर आप्त स्त्रिया त्यांत नांदत होत्या. सून पुस्तक हाती घेऊन बसते, पुरुषांच्या सभेस जाते, इंग्रजी वाचते, या प्रत्येक गोष्टीचा जाब तिला स्वयंपाकघरात द्यावा लागे. माजघरातील बायकांची बोलणी मुकाट्याने ऐकावयाची आणि रात्री दिव्याशी बसून धडा पुरा करावयाचा, हा त्यांचा क्रम होता.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. तेथे रमाबाईंना चारचौघांत येण्याचे पहिले प्रसंग लाभले. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला; त्या समाजात रमाबाई रानडे जाऊ लागल्या. मुलींसाठी इंग्रजी शिक्षणाची शाळा निघावी म्हणून पुण्यात जी खटपट झाली, तीत भरसभेत गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजी निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंकडे आले. ते त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडले आणि घरी परतल्यावर त्याचे पारितोषिक म्हणून बायकांचे कठोर शब्द त्यांच्या वाट्यास आले. ती शाळा १८८४ साली सुरू झाली. हुजूरपागा या नावाने ती आजही चालू आहे आणि आपल्या सभासद कुटुंबांतील कितीतरी मुली, सुना व आज्या तेथे शिकल्या असतील.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे आम्हांस आवश्यक वाटते. रानडे दांपत्यास जो त्रास झाला तो परक्यांकडून झाला नाही; तो आपल्याच ज्ञातीकडून झाला. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाच्या प्रसंगावरून जे ग्रामण्य माजले, ते आपल्या समाजाच्या इतिहासातील भूषणावह प्रकरण खास नव्हे. ज्यांनी तेथे चहा घेतला त्यांच्यावर बहिष्कार पडला, त्यांच्या घरच्या श्राद्धपक्षास भिक्षुक मिळेनासे झाले, माहेरवाशिणींना माहेरी येण्याची चोरी झाली. अखेर १८९२ साली इतर मंडळींची अडचण ध्यानी घेऊन माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले. ते रमाबाईंच्या मनास रुचले नव्हते, हे त्यांनी आपल्या पुस्तकात लपविलेले नाही. ज्या पत्नीस आपण निव्वळ आज्ञाधारक म्हणून ओळखतो, तिला स्वतःचे मत होते आणि ते पतीच्या मताहून निराळे असू शकत होते, हे या एका प्रसंगावरून दिसून येते.

१८९३ साली माधवराव मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचे मंडळ चालविले, शिवणकाम व प्रथमोपचार यांचे वर्ग काढले. पुढील कार्याची बीजे येथेच पडली. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव निवर्तले. रमाबाईंना वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यास त्या वेळी नऊच दिवस उरले होते. पोटी मूलबाळ नव्हते. ज्यांच्या आधाराने अक्षर ओळखले, ज्यांच्या मागे उभे राहून जग पाहिले, ते छत्र नाहीसे झाले.

त्या काळच्या आपल्या समाजात विधवेचे जिणे कसे होते याचे वर्णन आम्ही विस्ताराने करीत नाही; सभासदांच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी आपल्या आज्या-पणज्यांकडून ते ऐकलेले आहे. मोठ्या घरच्या विधवेस अन्नवस्त्राची ददात नसे, परंतु तिला करण्याजोगे काही उरत नसे. माजघराचा एक कोपरा, जपाची माळ आणि दुसऱ्यांच्या मुलांचे संगोपन इतकेच तिचे विश्व. रमाबाई पुण्यास परत आल्या आणि वर्षभर त्यांनीही घराचा उंबरठा फारसा ओलांडला नाही. परंतु त्यानंतर त्या बाहेर पडल्या त्या पुन्हा मागे वळल्या नाहीत. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटण्यास त्या जाऊ लागल्या. ज्यांचे नाव घेणेही प्रतिष्ठित घरांत वर्ज्य होते अशा स्त्रियांजवळ बसून त्यांना चार धीराच्या गोष्टी सांगाव्या, हे काम हायकोर्टाच्या न्यायाधीशाच्या पत्नीने स्वखुशीने पत्करले, यातील अर्थ वाचकांनी मनाशी विचारात घ्यावा. न्यायासनावरून ज्यांना शिक्षा होते, त्यांच्यापर्यंत त्याच घरातील दयेचा हातही पोहोचला.

१९०४ सालच्या डिसेंबरात मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान रमाबाईंनी भूषविले. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोन सद्‌गृहस्थांनी मुंबईस सेवासदन ही संस्था काढली व तिचे अध्यक्षपद रमाबाईंकडे दिले. यांतील एक पारशी, दुसरे सिंधी. पुढे २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यास सेवासदनाचे कार्य सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख सहकारी. देवधरांनी व्यवस्था व द्रव्यसंग्रह यांचा भार वाहिला आणि रमाबाईंनी संस्थेस आपले नाव, आपला वेळ आणि आपल्याविषयी लोकांच्या मनांत असलेला विश्वास दिला.

हा विश्वास हेच संस्थेचे खरे भांडवल होते, हे समजून घेतल्याखेरीज रमाबाईंच्या कार्याचे मोल कळणार नाही. स्त्रीशिक्षणास आपल्या लोकांचा विरोध होता तो केवळ पुस्तकास नव्हता. घराबाहेर गेलेली मुलगी किंवा विधवा भलत्या वाटेस लागेल, धर्मांतर करील, घराण्याच्या नावास बट्टा लागेल, ही भीती त्याच्या मुळाशी होती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाविषयी वाद माजल्यानंतर तर ती फारच बळावली होती. अशा वेळी लुगडे नेसलेली, व्रतवैकल्ये पाळणारी, मृदुभाषी अशी एक कुलीन विधवा दारात येऊन तुमच्या सुनेला दुपारचे दोन तास आमच्याकडे धाडा म्हणून विनवू लागली, तर तिला नकार देणे सासूबाईंना कठीण जाई. तिच्यावर पाखंडाचा आरोप करावा असे काहीच तिच्या वागण्यात सापडत नसे. रमाबाई घराविरुद्ध कधी उठल्या नाहीत, सोवळेओवळे मोडून कोणास त्यांनी डिवचले नाही, म्हणून काही विद्वान त्यांस मवाळ म्हणतात. आमच्या मते हा मवाळपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे. माजघरात सत्तावीस वर्षे बोलणी सोसलेल्या स्त्रीस माजघराचे दार कोणत्या बाजूने उघडते हे नेमके ठाऊक होते.

सेवासदनात काय शिकवीत असत, हेही सांगितले पाहिजे. प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग असत. ज्यांना घरकामातून दुपारीच सवड मिळे त्यांना सोयीचे होईल अशी योजना होती. लिहिणे-वाचणे, हिशेब, शिवण, प्रथमोपचार, आजाऱ्याची शुश्रूषा हे विषय होते. परंतु रमाबाईंची दृष्टी तेवढ्यावर थांबली नाही. विधवेस दया नको, उपजीविकेचे साधन पाहिजे, हे त्यांनी ओळखले. म्हणून मराठी शाळांतून शिक्षिका होण्यास योग्य अशा स्त्रिया तयार करण्याचे काम संस्थेने हाती घेतले. एकदा परीक्षा उतरून शिक्षिकेची नोकरी लागली म्हणजे त्या बाईस भावाच्या किंवा दिराच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे; उलट तीच धाकट्या भावंडांचे शिक्षण करी. मुलींच्या शाळा निघाव्यात तर शिक्षिका पाहिजेत, आणि शिक्षिका पाहिजेत तर प्रौढ विधवांनाच शिकविले पाहिजे, कारण लहान मुलींची लग्ने होऊन जातात, असा हा व्यवहारी विचार होता. ज्या विधवेस समाज अपशकुनी समजून बाजूस सारी, तिच्याच हातून समाजाच्या मुलींना विद्या मिळू लागली.

याहूनही कठीण काम रुग्णसेविका तयार करण्याचे होते. पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनाच्या मार्फत हिंदू स्त्रियांस परिचारिकेचे शिक्षण देण्याची व्यवस्था झाली, तेव्हा आपल्या लोकांत मोठी खळबळ उडाली. कोणत्याही जातीच्या रोग्यास स्पर्श करावयाचा, मलमूत्र काढावयाचे, रात्रपाळी करावयाची, परपुरुष डॉक्टरांच्या हुकमाखाली वागावयाचे, हे उच्चवर्णीय घरच्या विधवेने करावे ही कल्पनाच लोकांस असह्य वाटे. तोवर हे काम बहुधा ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन स्त्रियाच करीत. रमाबाईंनी आईबापांची आणि सासरच्या मंडळींची समजूत घातली, मुलींच्या राहण्याजेवणाची सोय केली आणि संस्थेचा जिव्हाळा त्यांच्या पाठीशी ठेवला. पुढे मुली वैद्यकीच्या शाळेतही जाऊ लागल्या. आज आपल्या ज्ञातीतील किती घरांत डॉक्टर कन्या आणि सुना आहेत, आणि त्यांचा आपण किती अभिमान बाळगतो, हे आम्ही सांगावयास नको. या अभिमानाच्या पायाशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या मुली आहेत, ज्यांच्या हातचे पाणी पिण्यास त्यांचेच आप्त कचरत असत.

कार्तिकी व आषाढीच्या दिवसांत आळंदीस लोटणाऱ्या यात्रेकरूंच्या सेवेसाठी रमाबाई स्वयंसेविकांसह जात. दुष्काळात मदतीचे काम त्यांनी केले. तुरुंग, रुग्णालय, यात्रा, दुष्काळ, जेथे दुःख एकत्र साठते तेथे त्यांची पावले वळत.

वयाच्या साठीजवळ पोहोचलेल्या रमाबाईंनी आणखी दोन मोठ्या चळवळींत भाग घेतला. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार मिळाला होता. पुण्यात हा प्रश्न निघाला तेव्हा पैसा अपुरा आहे, तरी सक्ती प्रथम मुलांपुरतीच असावी, मुलींचे मागाहून पाहू, असा विचार पुढे आला. मुलींस वगळणारी सक्ती रमाबाईंस मान्य नव्हती. १९२० साली पुण्याच्या रस्त्यांवरून स्त्रियांची मिरवणूक निघाली आणि तिच्या अग्रभागी रमाबाई होत्या. ज्या सुनेने कधीकाळी सभेत चार ओळी वाचल्या म्हणून घरी बोलणी खाल्ली होती, तीच आता शेकडो स्त्रियांसह उघड्या रस्त्याने चालत होती. दुसरी चळवळ मताधिकाराची. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा यासाठीच्या प्रयत्नांत त्या अग्रणी होत्या, आणि १९२१ साली मुंबईच्या कायदेमंडळाने तो हक्क मान्य केला. आज निवडणुकीच्या दिवशी आपल्या घरातील वृद्ध माता नातवाचा हात धरून मतदानास जातात, त्या वेळी या गोष्टीची आठवण सहसा कोणास होत नाही.

या सर्व काळात पतीच्या स्मृतीचे कार्यही त्यांनी सोडले नाही. माधवरावांचे विखुरलेले इंग्रजी लेख एकत्र करून १९१५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. लोक म्हणत की रमाबाईंचे सारे कार्य पतीच्या इच्छेची पूर्ती होय, आणि रमाबाईही तसेच मानीत. आम्ही त्यांच्या भावनेचा आदर करतो, परंतु वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. माधवरावांनी त्यांना विद्या दिली. संस्था उभारण्याचे शहाणपण, विरोधकांस जिंकण्याची हातोटी, आणि रुग्णालयाच्या दाराशी ज्ञातीच्या रोषास तोंड देण्याचे धैर्य हे त्यांचे स्वतःचे होते.

१९२४ सालच्या एप्रिलात रमाबाईंनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय बासष्ट होते. पुण्याच्या सेवासदनाच्या निरनिराळ्या शाखांत त्या वेळी एक हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपालाचे तिकीट काढून त्यांचा गौरव केला. सेवासदन आजही पुण्यात कार्य करीत आहे.

आता या स्मरणाच्या निमित्ताने ज्ञातिबंधु-भगिनींस दोन शब्द सांगून हा लेख पुरा करतो. रमाबाई आपल्या ज्ञातीच्या, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि म्हणावेही. परंतु त्या हयात असताना ज्ञातीने त्यांस सुखाने काम करू दिले नाही, हेही त्याच श्वासात म्हटले पाहिजे. एरव्ही हा अभिमान फुकट मिळालेला ठरेल. दुसरे असे की, त्यांची संस्था एका ज्ञातीची नव्हती. तिचा उगम एका पारशी आणि एका सिंधी गृहस्थाच्या प्रेरणेत होता, तिचे दार सर्व जातींच्या स्त्रियांस मोकळे होते, आणि तिच्या परिचारिका रोग्याची जात विचारीत नव्हत्या. तेव्हा ज्ञातिसंघाने रमाबाईंचे स्मरण करावयाचे ते ज्ञातीची कुंपणे उंच करण्यासाठी करता येणार नाही. ज्ञाती हे मनुष्याचे माहेर असावे. तेथून बळ घेऊन त्याने चार लोकांच्या उपयोगी पडावे, इतकाच ज्ञातिसंघाचा अर्थ रमाबाईंच्या चरित्रातून निघतो.

आणि शेवटी आपल्या घराकडे पाहू. विधवेचे जुने जिणे आता राहिले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी मुले परगावी किंवा परदेशी गेलेली, पती निवर्तलेला, तीन खोल्यांच्या सदनिकेत दिवस मोजणारी वृद्ध स्त्री आपल्या सभासद कुटुंबांत कमी नाही. तिलाही अन्नवस्त्राची ददात नाही आणि तिलाही करण्याजोगे काही उरलेले नाही. तिच्यापाशी विद्या आहे, अनुभव आहे, वेळ आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी जगाने जिचे आयुष्य संपले असे मानले, ती स्त्री त्यानंतर तेवीस वर्षे काय करू शकली, हे तिच्यापुढे कोणीतरी ठेवावे. संघाच्या वाचनवर्गास, विद्यार्थ्यांच्या शिकवणीस, रुग्णालयात एकट्या पडलेल्या रोग्यांच्या चौकशीस अशा भगिनींचे साहाय्य आपण मागितले, आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी त्यांना आग्रहाने पाठविले, तर रमाबाईंच्या प्रतिमेस घातलेल्या हारापेक्षा ते स्मरण अधिक खरे ठरेल, असा आमचा विश्वास आहे.